न दिसणारा किरण आणि बिनतारखेचा कागद

मी इतिहासाचा अध्यापक. रत्नागिरीत कॉलेजातल्या मुलांना सनावळ्या आणि त्यांच्यामागची माणसे शिकवणे हा माझा धंदा. असा माणूस आज संगणकाविषयी, त्यातल्या एका चिंचोक्याएवढ्या भागाविषयी चार शब्द सांगू म्हणतो, याचे आपणांस नवल वाटेल. मलाही वाटले होते. पण प्रसंगच तसा आला, आणि त्या प्रसंगात उपयोगी पडली ती इतिहासाच्या अभ्यासातली एक साधी सवय. म्हणून ही हकीकत आपल्यापुढे, त्यातही खेड्यापाड्यांतल्या शिक्षकबंधुभगिनींपुढे, ठेवतो.

गोष्ट २०१९ सालच्या जून महिन्यातली. आमच्या जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावी लहानशी शाळा आहे. तेथे एक लघुसंगणक होता. तळहातावर मावेल एवढी हिरवी पाटी. रास्पबेरी पाय हे तिचे नाव. प्रोजेक्टरला जोडला की भिंतीवर चित्रे दाखवी. त्याला एक रिसीव्हर जोडलेला होता. त्यामुळे वर्गावरच्या बाई हातात रिमोट घेऊन मुलांमध्ये फिरत, आणि मागच्या बाकापाशी उभ्या राहून भिंतीवरचे पान उलटत. मागच्या बाकावरची पोरे त्या वर्षी प्रथमच अभ्यासाला लागली, असे बाई सांगत.

मे महिन्याच्या सुटीत मुंबईहून आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने हौसेने संगणकातली सगळी प्रणाली नवी करून दिली. शाळा उघडली, पाऊस सुरू झाला, आणि रिमोट चालेना. चित्रे दिसत, आवाज येई. पण रिमोटचे बटण दाबले की काही नाही. "सर्दीनं गेलं असणार," गावाने निदान केले. कोकणात पावसाळ्यात लाकूड फुगते, पापड मऊ पडतात, तेथे यंत्राची काय कथा! रिसीव्हर बदलला. पुन्हा बदलला. काही फरक नाही. मग वस्तू ज्यांच्या ताब्यात, त्या बाईंकडे लेखी खुलासा मागितला गेला.

बाई मला म्हणाल्या, "सर, मी काही मोडलेलं नाही. पण कपाट माझ्या नावावर आहे. पैसे भरून टाकते नि मोकळी होते."

हे ऐकून मी अस्वस्थ झालो. वस्तू बिघडली यापेक्षा निर्दोष माणसाने दोष कबूल करावा, हे मला अधिक वाईट वाटले. आमच्या पदार्थविज्ञान विभागातल्या एका सहकाऱ्याला बरोबर घेतले आणि एका रविवारी त्या शाळेत गेलो. तेथे काय सापडले ते सांगण्यापूर्वी आपणांस दोनशे वर्षे मागे न्यायला हवे. कारण रिमोटचे बटण आणि भिंतीवरचे पान यांच्यामध्ये एक साखळी आहे, आणि तिची एकेक कडी एकेका काळात घडली आहे.

पहिली कडी किरणाची. १८०० साल आपल्या इतिहासात नाना फडणविसांच्या मृत्यूचे साल म्हणून ओळखले जाते. नानांच्या घराण्याचे मूळ गाव वेळास, ते आपल्याच जिल्ह्यातले. त्याच साली इंग्लंडात विल्यम हर्शेल नावाचा ज्योतिषी सूर्यप्रकाश लोलकातून पाडून प्रत्येक रंगात किती ऊब आहे ते मोजत होता. युरेनस हा ग्रह १७८१ मध्ये शोधणारा तो हाच हर्शेल. त्याने जांभळ्या, हिरव्या, तांबड्या पट्ट्यांत उष्णतामापक ठेवले. मग तांबड्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे एक ठेवला. आणि त्यातला पारा सर्वांत जास्त चढला! न दिसणारा प्रकाश असतो, हे त्या दिवशी माणसाला कळले. त्यालाच आपण पुढे अवरक्त किरण म्हणू लागलो. रिमोटच्या तोंडाशी जो लहानसा दिवा असतो, तो हेच किरण फेकतो. बटण दाबल्यावर तो आपल्याला विझलेलाच दिसतो, पण असतो पेटलेला.

दुसरी कडी किरण पकडणाऱ्याची. पारा चढायला वेळ लागतो. निरोप पकडायला चपळ वस्तू हवी. या शोधात एक मानाचे पान आपल्या देशाचे आहे. कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे एक खनिज, वापरून विद्युत्‌लहरी टिपणारे साधन तयार केले. त्याच्या अमेरिकन पेटंटासाठी १९०१ मध्ये अर्ज झाला आणि १९०४ मध्ये ते मंजूर झाले. अर्धवाहक पदार्थाच्या उपकरणाला मिळालेल्या अगदी पहिल्या पेटंटांत त्याची गणना होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात अवरक्त किरण टिपण्यासाठी शिसे आणि गंधक यांच्या याच संयुगाचे शोधक वापरले गेले. आजच्या रिसीव्हरमध्ये सिलिकॉनची चकती असते. वरून काळे आवरण आणि खाली तीन पाय: एक विजेचा, एक जमिनीचा, एक निरोपाचा.

तिसरी कडी उन्हापासून बचावाची. १९५५ मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली या इंजिनिअराने दूरचित्रवाणीसाठी प्रकाशाच्या झोताने चालणारे साधन केले. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे डोळे, आणि हातात टॉर्चसारखी वस्तू. कल्पना नामी; पण खिडकीतून ऊन आले की कोणी न सांगता संच आपला चालू नाहीतर बंद! दुसऱ्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलरने, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवर चालणारे साधन काढले, आणि बराच काळ तीच रीत टिकली. प्रकाश पुन्हा आला तो अवरक्त रूपाने, आणि या खेपेला युक्ती घेऊन. रिमोटचा दिवा नुसता पेटत नाही. तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो. रिसीव्हर तेवढी लुकलुक ओळखतो आणि बाकीचा उजेड सोडून देतो. काजव्यांच्या झाडाखाली उभे राहून एकाच काजव्याची लय ओळखावी, तसे हे आहे. तरीही भर उन्हात ठेवलेला रिसीव्हर बावरतो, हे लक्षात असू द्या.

चौथी कडी बोलीची. लुकलुक कळली, पण तिचा अर्थ? येथे निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या बोली पाडल्या. फिलिप्सची आरसी-५ ही एक. तिची लुकलुक सेकंदाला ३६,००० ची. जपानच्या एनईसी कंपनीची बोली दुसरी. ती आधी ९ सहस्रांश सेकंद लांब आरोळी देते, साडेचार सहस्रांश सेकंद थांबते, मग ३२ खुणा पाठवते. पहिल्या खुणांत कोणत्या यंत्रासाठी ते असते, नंतरच्या खुणांत कोणते बटण ते असते, आणि प्रत्येकाची उलटी प्रतही खातरजमेसाठी जोडलेली असते. बाजारातल्या स्वस्त रिमोटांपैकी पुष्कळसे हीच बोली बोलतात.

आता पाचवी कडी, आणि खरी अडचण येथेच होती. संगणकाला यातले उपजत काहीच कळत नाही. रिसीव्हर आणि संगणकाची मूळ प्रणाली यांच्यामध्ये एक दुभाषी लागतो. त्याला इंग्रजीत ड्रायव्हर म्हणतात. आपल्याकडे ड्रायव्हर म्हटले की एस.टी. चालवणारा डोळ्यापुढे येतो. पण हा काही चालवत नाही, हा भाषांतर करतो. रत्नागिरीकरांना हे समजायला जड नाही. १८८६ साली ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा येथे आणला गेला आणि १९१६ साली येथेच वारला. राजाची बोली ब्रह्मी, सरकारची इंग्रजी, बाजाराची मराठी. राजा शुद्धीवर आहे, साहेब कचेरीत आहे, वाणी दुकानात आहे. पण मधला दुभाषी रजेवर गेला, तर राजाला तांदूळसुद्धा मिळायचा नाही! अशा वेळी राजाला मुका किंवा वाण्याला बहिरा म्हणणे वेडेपणाचे. आमच्या शाळेत नेमके तेच चालले होते.

या दुभाष्यालाही इतिहास आहे. लिनक्स ही मुक्त प्रणाली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केली. तिच्यात रिमोट ऐकण्याची सोय नव्हती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस क्रिस्टोफ बार्टेल्मुस आणि त्याच्या सोबत्यांनी एलआयआरसी नावाची जोडणी वाढवली आणि ती कोणालाही घ्यायला मोकळी ठेवली. बरीच वर्षे ही जोडणी मूळ प्रणालीच्या बाहेरच होती, पडवीत राहणाऱ्या पाहुण्यासारखी. २०१० पासून प्रणालीच्या गाभ्यात रिमोट समजण्याची स्वतःची सोय येऊ लागली. पाहुणा हळूहळू माजघरात आला.

रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला. त्याच वर्षी त्याच्यासाठी एलआयआरसी-आरपीआय नावाचा खास दुभाषी लिहिला गेला. २०१५ मध्ये त्याला कामावर बोलावण्याची रीत बदलली. सुरुवातीच्या मांडणीच्या फाइलीत त्याच्या नावाची एक ओळ लिहावी लागू लागली. पुढे गाभ्याने जुन्या पद्धतीच्या दुभाष्यांसाठी ठेवलेले दार बंद केले. ऑक्टोबर २०१८ मध्ये गाभ्याची ४.१९ क्रमांकाची आवृत्ती निघाली, आणि २०१९ मध्ये ती रास्पबेरी पायवर आली तेव्हा एलआयआरसी-आरपीआय निवृत्त झाला होता. त्याच्या जागी जीपीआयओ-आयआर या नावाचा नवा दुभाषी आला.

आता चला शाळेत. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. संगणक पहिल्यांदा मांडणाऱ्याने रिसीव्हर कसा जोडावा आणि फाइलीत कोणती ओळ लिहावी, ते त्यावर स्वच्छ टंकलिखित करून ठेवले होते. प्रत्येक दुरुस्तीवाला तो कागद वाचून फाइल तपासी. कागदात जे, तेच फाइलीत. म्हणजे फाइल बरोबर, म्हणजे रिसीव्हर वाईट. असे दोन रिसीव्हर कचऱ्यात गेले होते.

माझी नजर गेली ती कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे. तारीख नव्हती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला आम्ही पहिल्या दिवशी सांगतो: बाबा रे, कागद काय म्हणतो ते नंतर; आधी तो कधीचा ते पहा. मोडी पत्रावर तारीख नसली तरी हातपाय गाळायचे नाहीत. पत्रात पहिल्या बाजीरावाचा उल्लेख पेशवे म्हणून असेल, तर ते १७२० पूर्वीचे असूच शकत नाही, कारण त्या साली त्याला ती वस्त्रे मिळाली. आतल्या पुराव्यावरून काळ बांधता येतो.

मी सहकाऱ्याला विचारले, "या कागदावरची रीत कधीपासूनची?"

त्यांनी वाचून सांगितले, "अशी ओळ लिहायची पद्धत २०१५ ची. त्याआधीचा हा कागद नव्हे."

"आणि हे नाव केव्हापर्यंत चालत होतं?"

ते क्षणभर थांबले आणि हसले. "अहो, हे नाव तर यंदाच गेलं!"

झाले! कागद २०१५ नंतरचा आणि २०१९ पूर्वीचा. आपल्या काळात तो अक्षरन्‌अक्षर खरा होता. पण सुटीत प्रणाली नवी झाली, जुना दुभाषी निवृत्त झाला, आणि फाइल रोज सकाळी त्याच्याच नावाने हाक मारीत राहिली. ओ देणारा कोणी नव्हता. संगणकानेही पडद्यावर एका अक्षराची तक्रार केली नाही. ओळखीचे नाव सापडले नाही, तो पुढे निघून गेला.

आम्ही नावाची ती ओळ बदलली आणि संगणक पुन्हा सुरू केला. आता प्रणालीत रिसीव्हरची नोंद दिसू लागली. पण रिमोट अजून गप्पच! बाईंचा चेहरा पडला. सहकारी म्हणाले, "थांबा. दुभाषी आला, पण त्याला कोणती बोली ऐकायची ते सांगितलेलं नाही." या नव्या दुभाष्याला, वेगळे काही सांगितले नाही, तर आरसी-६ ही बोली नेमून दिलेली असते, आणि शाळेचा रिमोट बोले एनईसी. आयआर-कीटेबल नावाच्या साधनाने त्याला एनईसी ऐकायला लावले. बाईंनी बटण दाबले, आणि पडद्यावर आकडे धावू लागले. कोणत्या आकड्याला कोणते काम हे जुळवायला आणखी पाऊण तास गेला. मग भिंतीवरचे पान उलटले. बाई काही बोलल्या नाहीत. मागच्या बाकापर्यंत चालत गेल्या आणि तेथून पुन्हा एकदा बटण दाबून पाहिले.

खुलाशाच्या कागदावर आम्ही दोघांनी सही केली: वस्तू मोडलेली नव्हती, प्रणाली बदलल्यामुळे जुनी सूचना कालबाह्य झाली होती. पैसे भरावे लागले नाहीत.

वाचकहो, आपल्या शाळेत किंवा घरी असे काही झाले, तर ही साखळी क्रमाने तपासा. एकदम शेवटच्या कडीवर उडी मारू नका. रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याचा दिवा जांभळट पांढरा चमकलेला दिसतो. काही कॅमेऱ्यांत अवरक्त किरण अडवणारी काच असते, म्हणून एकात दिसले नाही तर दुसऱ्यात पहा. चमकला, तर हर्शेलची कडी शाबूत आहे.

मग रिसीव्हरचे पाय पहा. सगळ्या रिसीव्हरांच्या पायांचा क्रम एक नसतो. टीएसओपी-१७३८ मध्ये निरोपाचा पाय शेवटचा, तर टीएसओपी-३८२३८ मध्ये तोच पहिला. जुना काढून नवा त्याच भोकांत बसवला की घोटाळा झालाच. शिवाय पहिल्याला पाच व्होल्टची वीज लागते, आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाहीत. म्हणून ३.३ व्होल्टवर चालणारा दुसराच घ्यावा. पिनांच्या आकड्यांतही फसगत आहे. ज्या पिनेला जीपीआयओ १८ म्हणतात, ती मोजायला गेलात तर बाराव्या जागी भरते. कागदावर अठरा वाचून अठरावी पिन मोजणारे पुष्कळ भेटतात.

हे ठीक असेल तर दुभाषी हजर आहे का ते पहा. नंतर त्याला बोली सांगितली आहे का ते पहा. सर्वांत शेवटी आकडा आणि काम यांचे कोष्टक पहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्यात, तर कोणत्या बदलाने काम झाले ते कळणार नाही, आणि पुढच्या माणसाला सांगता येणार नाही.

आणि या सगळ्याच्या आधी, जो कागद वाचून आपण हे करणार, तो कधीचा ते पहा. संगणकाविषयीची सूचना ही पंचांगासारखी असते. गेल्या सालचे पंचांग खोटे नसते. पण ते पाहून यंदाचा मुहूर्त धरला, तर मांडवात आपण एकटेच उभे राहू! नवे यंत्र पाच वर्षांत जेवढे बदलते, तेवढे एखादे तहनाम्याचे शब्द शंभर वर्षांत बदलत नाहीत. मग जुन्या कागदाची तारीख पाहणारे आपण नव्या कागदाची का पाहत नाही?

त्या शाळेत आता कपाटाच्या दाराला नवा कागद आहे, आणि आत एक दोनशे पानी वही. बाईंनी तिच्या पहिल्या पानावर रेघा आखल्या आहेत: तारीख, प्रणालीची आवृत्ती, काय बदलले, कोणी बदलले. पहिली नोंद आमच्या त्या रविवारची आहे. तिच्याखाली बऱ्याच नोंदी झाल्या आहेत, काही तर सातवीच्या मुलांच्या अक्षरात. मुले वहीत तारीख घालायला विसरली, तर बाई नोंद मान्य करीत नाहीत.

मी इतकी वर्षे इतिहास शिकवतो आहे. माझ्या विषयाची एवढी नेटकी शिकवणी मला अजून जमलेली नाही.